एप्रिलमधला हीटर

इंदापुरात ट्रॅक्टरचे रेडिएटर दुरुस्त करणारे एक मिस्त्री आहेत. गाडी आली की लेकराचा ताप बघावा तसा ते बॉनेटवर पालथा हात टेकवतात आणि मगच मालकाशी बोलतात.

गेल्या एप्रिलमध्ये मी वडिलांची जुनी विलायती मोटार त्यांच्याकडे नेली. हीटरमधून पाणी गळून पायाखालचा गालिचा भिजत होता.

"हीटर काढूनच टाका," मी म्हणालो. "आपल्याकडं कशाला लागतोय?"

त्यांनी पाना खाली ठेवला. "दादा, ज्यानं गाडी बनवली त्यानं इचार करूनच दिलाय न्हवं? माझ्या हातनं तिचं काय बी कमी हुणार न्हाय."

हीटरची वहीएवढी पितळी जाळी ते चार दिवस कथील लावून झाळत होते. पाण्यात बुडवली की कुठून तरी बुडबुडा यायचा आणि ते पुन्हा कामाला बसायचे.

पाचव्या दिवशी भर दुपारी गेलो, तर काचा बंद करून, हीटर लावून ते गाडीत बसलेले. सदरा घामानं अंगाला चिकटला होता.

"बसा हितं. पाय पुढं करा."

पायांवर गरम वारा आला. माझं लहानपण या गाडीत गेलं, पण तो मला पहिल्यांदाच लागत होता.

"आता न्या काश्मीरला," ते म्हणाले.

आम्ही दोघंही निथळत होतो, पण काच खाली करावी असं मला वाटेना.