सीट-कव्हरांखालचे पट्टे

"स्प्लीन लॅसरेशन," सोनोग्राफीचा पडदा वळवून डॉक्टर म्हणाले. म्हणजे प्लीहेला, डाव्या बरगड्यांखालच्या नाजूक अवयवाला, चीर गेली होती. तुमची सतरा वर्षांची मुक्ताताई तेवढ्यातही विचारत होती, "डॉक्टर, मी जेवू कधी?"

रेवा, अनय, तिकडे तुम्हीही लवकरच गाडी चालवाल, म्हणून हे लिहिते आहे.

मुक्ताकडे परवाना नव्हता. "दिग्रसबाहेर एक चक्कर मारून येते," म्हणाली आणि किल्ली मीच दिली. मागे दोन मैत्रिणी, मोठ्याने गाणी. यंदा कापसाला भाव नव्हता. बाजाराबाहेर बैलगाड्या दोन-दोन दिवस रस्त्यातच उभ्या असत. मैत्रिणीने चिडवलं, उत्तर द्यायला मुक्ताने मान मागे वळवली. पुन्हा समोर पाहिलं तर बैलगाडी! तिने स्टिअरिंग फिरवलं आणि मोटार बाभळीवर आदळली. मैत्रिणींना नुसतं खरचटलं. मुक्ताच्या पोटावर स्टिअरिंग बसलं.

निरोप येताच मी धावले. तो गाडीवान आमच्यासोबत थेट यवतमाळच्या दवाखान्यात आला. "पोरी, रस्ता समोर हाये ना, तू मांगं काय पाहून राह्यली होती?" असं रागावला आणि तिच्या उशाशी बसून राहिला.

"बेल्ट काहून नाही लावला?" डॉक्टरांनी विचारलं.

मलाच सांगावं लागलं. नवी गाडी आली तेव्हा मी लिंबू-मिरची बांधली, सीटना पांढरी कव्हरं शिवली आणि पट्टे मळू नयेत म्हणून घडी घालून कव्हरांखाली टाचून टाकले.

"पट्टे मात्र स्वच्छ राह्यले जी आजी," डॉक्टर म्हणाले.

मग दर सहा तासांनी हिमोग्लोबिन. ते घसरत राहिलं तर आत रक्तस्राव चालू आहे, म्हणजे ऑपरेशन. तोवर 'निल बाय माउथ', तोंडाने काहीही नाही. ११.२. १०.४. १०.१. तिसरा आकडा ऐकून मी बाकाची कड धरली. पुढचाही १०.१. त्याच्या पुढचाही.

"थांबलं," डॉक्टर हसले. "चीर आपोआप भरते, शिवायची गरज नाही. तीन महिने उड्या बंद."

"आणि पोहे?" मुक्ता म्हणाली.

घरी आल्या आल्या मी कात्री घेतली आणि कव्हरं कापून सगळे पट्टे बाहेर काढले. आता याल तेव्हा त्या वेड्यावाकड्या चिरा पाहून हसाल. तुमच्या आजीने कधी कडा दुमडल्याशिवाय कापड सोडलं नव्हतं. पण त्या मी शिवणार नाही. आधी पट्टा लावा, मग हसा.