डावं वळण

मोटरसायकलच्या त्या कारखान्यात त्याला सगळे वजनकाटा म्हणायचे. नाव पडलं ते त्याच्या बसण्यावरून. नवी गाडी आली की हा तिच्यावर टेकायचा, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून तिला जराशी इकडेतिकडे डुलवायचा आणि सांगून मोकळा व्हायचा, की पुढच्या चाकावर भार कमी पडतोय. मग लोक गाडी यंत्रावर चढवून मापं घ्यायचे. बहुतेक वेळा यंत्राचं आणि त्याचं जमायचं. जमलं नाही, की तो यंत्राला नावं ठेवायचा. कधी कधी यंत्राचंच बरोबर असायचं, पण हे त्याच्या तोंडावर सांगणार कोण?

त्याचं काम चाचणीचं. गाडी बाजारात जाण्याआधी तिच्यात दम किती, बसायला आराम किती आणि वळणावर ती वागते कशी, या तिन्ही बाबतींत त्याचा शब्द चालायचा. मागच्या सीटबद्दल मात्र त्याच्या बायकोचा.

तिला मागे बसवायची पद्धत त्याच्याच हट्टाने पडली होती. तरुणपणी साहेब लोक त्याच्या मागे वाळूची पोती बांधत. पोतं काही वळणावर झुकत नाही. ते आपलं ताठ बसून राहतं आणि गाडी भलतीकडे जाते. असाच एकदा तो पोत्यासकट गवतात जाऊन पडला. उठला, कपडे झटकले आणि म्हणाला, "यापुढे मागे जिवंत माणूस पाहिजे, नाहीतर मीही बसणार नाही." पगारी माणसांनी लगेच हात वर केले. शेवटी घरी त्याची बायको म्हणाली, "मी बसते की. लग्नाआधीपासून बसतेच आहे."

तेव्हापासून तीच बसली. दोघं इतकी वर्षं एका सीटवर होती, की वळण आलं की कोण आधी झुकलं हे सांगता येऊ नये. ट्रॅकवरून उतरली की ती हेल्मेट काढायची आणि निकाल द्यायची. एका गाडीला म्हणाली, "हिच्यावर तासभर बसायचं तर नवऱ्यावर फार जीव पाहिजे." दुसरीला म्हणाली, "आमच्या स्वयंपाकघरातलं स्टूल हिच्यापेक्षा मऊ आहे." इंजिनिअर मंडळी पोट धरून हसायची आणि सीट बदलून आणायची.

ती गेली त्याला आता वर्ष होत आलं होतं. डाव्या खुब्याच्या हाडात गाठ निघाली, ती पुढे सरकली, आणि हां हां म्हणता सगळं आटोपलं. हा रडला नाही. घरात तिची चप्पल दाराशी तशीच होती, आणि केर काढताना तो ती उचलून पुन्हा तिथेच ठेवायचा.

अशात ही नवी गाडी आली. चांगलं धिप्पाड धूड होतं ते. लांबलचक, बसायला बुटकं, हँडल रुंद, पाय पुढे टाकून ऐसपैस बसायचं. आडवी झाली तर एकट्याने उचलायची बात नाही. वजनकाट्याने ती शेवटच्या गिअरमध्ये अगदी रेंगाळत चालवली आणि मूठ पिळली. गाडीने कुरकुर न करता ओढ घेतली, तीही अशी, की त्याचं अंग सीटच्या पाठीला जाऊन टेकलं. खड्ड्यांच्या पट्ट्यावर मणक्याला धक्का नाही. आरसे थरथरत होते आणि सायलेन्सरची धग उजव्या पोटरीला लागत होती, ते त्याने सांगून टाकलं. जागच्या जागी वळवताना हात भरून येत, पण एकदा चालू लागली की वजन कुठल्या कुठे जायचं. बऱ्याच दिवसांनी गडी खूश झाला होता. मग डावं वळण आलं, आणि त्याच्या मागे कुणीतरी बसलेलं होतं.

मागे बसवून करायच्या चाचण्या अजून सुरूही झाल्या नव्हत्या. सीट रिकामी होती. तरी वळणात शिरताच मागून वजन आलं, उजवीकडे, त्याच्या झुकण्याच्या उलट. गाडी त्याच्या हातात झगडली. वळण संपलं तसं ते वजन नाहीसं झालं. त्याने मान वळवून पाहिलं नाही. वळणात मान वळवायची नसते, हे झालं सांगायचं कारण. खरं कारण हे, की ते वजन त्याच्या ओळखीचं होतं.

दुसऱ्या फेरीलाही तेच. उजव्या वळणावर कुणी नाही, सरळ रस्त्यावर कुणी नाही. डावं वळण आलं की ती यायची आणि त्याच्यापासून अंग काढून घ्यायची. त्याच्या अंगावर काटा यायचा आणि त्याच वेळी इतका आनंद व्हायचा, की हेल्मेटच्या आत तो तिच्याशी बोलायला लागला. "अगं, रुसलीस काय? जवळ ये की," असं तो म्हणायचा. रुसायला कारणं थोडी नव्हती. तिच्या शेवटच्या दिवसांतही हा ट्रॅकवर होता. डॉक्टरांनी "कधीपासून दुखतंय?" असं विचारलं, तेव्हा ती तोंड उघडायच्या आत यानेच सांगून टाकलं होतं, "झाला असेल महिना." ती त्याच्याकडे नुसती बघत राहिली होती. तिचं ते बघणं त्याच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. गरज नसताना तो त्या वळणाच्या फेऱ्या वाढवत गेला.

पण काम ते काम. गाडी डावीकडे वळताना मागून ओढते, असं त्याला कळवावंच लागलं.

मुख्य इंजिनिअर बाई होत्या, त्याच्या मुलीहून थोड्या मोठ्या. त्याला काका म्हणायच्या, पण कामात नातं आणायच्या नाहीत. त्यांनी त्याला खोलीत बसवलं, दार लावलं आणि म्हणाल्या, "काका, आधीच्या चॉकलेटी गाडीलाही तुम्ही हेच म्हणाला होतात."

"होतंच तसं."

"आम्ही ती हाडापर्यंत खोलली. सांगाडा बदलला, टायर बदलले. तरी तुम्ही म्हणालात, मागे माणूस असला की डाव्या वळणावर ओढते. यंत्रात काही सापडत नव्हतं, तरी तुमच्या शब्दावर आम्ही ती मोडीत काढली. आता हीसुद्धा काढू?"

बाईंनी पडद्यावर ट्रॅकचं चित्रण लावलं. त्यात तो एकटाच होता. डावं वळण आलं की तो अंग नको तितकं आत टाकत होता. त्यामुळे गाडी फार आत जायची, आणि मग तोच तिला हाताने ओढून उभी करायचा. उजवीकडे हे काहीच नाही.

"तुमच्याशी झगडणारे तुम्हीच आहात, असं मला दिसतंय," बाई म्हणाल्या. "पण माझं चुकत असेल. दोष गाडीत असला आणि मी ती बाहेर सोडली, तर लोक जिवानिशी जातील. मागे माणूस बसवून बघू या, म्हणजे सोक्षमोक्ष लागेल."

"पोती बांधा," तो म्हणाला.

बाई चकित झाल्या. आयुष्यभर पोत्यांच्या नावाने खडे फोडणारा माणूस हा. त्याचं कारण तो बोलून दाखवणार नव्हता. तिथे जिवंत माणूस बसवला, तर ती कुठे बसणार? आज जी वळणापुरती का होईना भेटते, तिला आपल्याच हाताने उठवायचं होतं. घरी जाऊन तो न जेवता पडून राहिला. पण लोक जिवानिशी जातील, हे बाईंचं बोलणं काही केल्या डोक्यातून जाईना. सकाळी त्याने मुलीला फोन केला. परक्या कुणाला उठून जागा देण्यापेक्षा पोटच्या पोरीला दिलेली बरी, असा त्याने हिशेब केला.

मुलगी बांध्याने थेट आईवर गेली होती. रजा काढून आली, आईचं हेल्मेट डोक्यावर चढवलं आणि मागे बसली. गाडीचा मागचा भाग जेवढा दबायला हवा तेवढाच दबला.

"हळू हं बाबा," ती म्हणाली. "मला आईसारखी सवय नाही."

सरळ रस्ता झाला. उजवं वळण झालं, मुलगी त्याच्याबरोबर नीट झुकली. डावं वळण दिसलं तसं तो मनातल्या मनात म्हणाला, जरा सरक, पोरीला जागा दे. आणि सवयीने त्याचं अंग आत गेलं. या खेपेला मागे खरं वजन होतं आणि तेही त्याच्याबरोबर आत आलं. गाडी एकदम खाली गेली, पायदान रस्त्याला खरवडलं, ठिणग्या उडाल्या. त्याने कशीबशी ती सावरली आणि गवताच्या कडेला नेऊन उभी केली.

मुलगी उडी मारून खाली उतरली. "अहो बाबा, किती झुकताय? तिकडे तर नीट वळलात. इकडेच काय झालं?"

"आई मागे असायची, तेव्हाची सवय."

"आईसाठी एवढं झुकावं लागायचं? ती तर तुमच्याबरोबर झुकायची ना?"

"झुकायची," तो म्हणाला. मग म्हणाला, "शेवटच्या गाडीवर नाही."

मुलीने हेल्मेट काढलं. "डावीकडे भार आला की तिच्या खुब्यातून चमक निघायची, बाबा. माझ्याकडे राहायला आली की सगळी रात्र उजव्या कुशीवर. मी म्हटलं डॉक्टरला दाखव. तर म्हणाली, वयाचं दुखणं आहे, आणि बाबांना बोलू नकोस, ते मला सीटवरून उतरवतील. मला वाटलं, असेल वयाचं."

"हे कधी?"

"ती चॉकलेटी गाडी होती ना, तेव्हा."

तो गाडीवरून उतरला आणि गवतात बसला. त्याला सगळं एकदम कळलं. कारखान्यात ज्याला वजनातला गुंजभर फरक कळायचा, त्याच्या पाठीला लागून बसलेली बायको महिनोन्‌महिने एका बाजूने अंग चोरत होती. ते त्याला कळलं नव्हतं, असंही नाही. अगदी बरोबर कळलं होतं. कुठल्या वळणावर, किती, सगळं. त्याने ते गाडीचा दोष म्हणून कळवलं होतं, आणि त्याच्या शब्दाखातर माणसांनी गाडीचं हाडन्‌हाड तपासलं होतं. तो रडायला लागला. मुलगी त्याच्या शेजारी बसली आणि तिनेही डोळे पुसले नाहीत.

मग तो उठला, कारण चाचणी अर्धी राहिली होती. मुलीला मागे घेऊन त्याने पुन्हा फेरी मारली. डाव्या वळणावर त्याने अंग मुद्दाम आवरून धरलं. गाडी तक्रार न करता वळली आणि सरळ झाली. मागे फक्त मुलगी होती. त्याने आणखी एक फेरी मारली, आणखी हळू, आणि वळणात श्वास रोखून वाट पाहिली. मागे फक्त मुलगी होती.

बाई ट्रॅकच्या कडेला येऊन थांबल्या होत्या. त्याने इंजिन बंद केलं.

"गाडी साफ आहे," तो म्हणाला. "सोडा बाहेर."

बाईंनी सुस्कारा टाकला. तो उतरला नाही, हँडलवर हात ठेवून तसाच बसून राहिला.

"ती चॉकलेटीही साफ होती."

"मग ओढत काय होतं, काका?"

"गाडी ओढत नव्हती. मागे तिला दुखत होतं."

बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि थोड्या वेळाने आत निघून गेल्या. मुलगी खाली उतरली, पाय झटकले, आणि आता मागच्या सीटबद्दल काहीतरी सांगायला हवं म्हणून म्हणाली, "सीट छान आहे बाबा. टेकायलाही जागा आहे."

"सीटचं राहू दे," तो म्हणाला. "तुझं कुठे दुखतंय का?"

"नाही."

"बघ, नीट आठवून सांग," तो म्हणाला, आणि तिने पुन्हा नाही म्हटलं तरी तो तिच्या चालण्याकडे बघत राहिला.