उघडे टाके

परब काकू पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचायच्या. मग पहिल्या पानावर यायच्या आणि निवांत सुरुवात करायच्या. "शेवट ठाऊक नसला की मध्ये जीव टांगून राहतो गं. या वयात नाही झेपत," असं त्यांचं म्हणणं. या वयात म्हणजे तेव्हा त्या जेमतेम पन्नाशीच्या होत्या. गोरेगाव स्टेशनजवळच्या वाचनालयातले गृहस्थ त्यांना वचकून असायचे, कारण रहस्यकथा परत करताना काकू रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायच्या, "खून मेव्हण्याने केलाय, पण पुस्तक बरं आहे." मागच्या माणसाने तेच पुस्तक मागायचं ठरवलेलं असलं, तर त्याची वाट लागली.

वाचता वाचता त्या विणायच्या. दिंडोशीच्या आमच्या वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर दारं, आणि त्यांचं दार दिवसभर उघडं. दारातच खुर्ची, समोर स्टुलावर पुस्तक, पानं उडू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना कपडे वाळत घालायचे चिमटे. डोळे पुस्तकात आणि हात खाली मांडीवर, आपले आपण चाललेले. पान उलटायचं असेल तेवढाच एक हात सुटायचा. ओठ मात्र सतत हलत असायचे, टाके मोजायला. मी विचारायचे, "काकू, चहा टाकलाय, घेणार?" तर उत्तर यायचं, "सत्तावीस." त्याचा अर्थ 'हो' असा घ्यायचा, हे मला लग्न होऊन आल्यावर महिन्याभरात कळलं.

दिंडोशीत लोकर कोण घालतं, असं कुणालाही वाटेल. मे महिन्यात पंखासुद्धा गरम वारा फेकतो. पण आपल्याकडे घामाने निथळणाऱ्या माणसांच्या घरात बाळाला मात्र थंडी वाजते, आणि त्याला टोपडं-स्वेटर लागतोच. वसाहतीतल्या चार इमारतींत मिळून वीस-पंचवीस वर्षांत जेवढी मुलं झाली, त्यातली निम्मी तरी काकूंच्या लोकरीत गुंडाळलेली होती. त्यांना स्वतःला मूल नव्हतं. काका आधी मिलमध्ये होते, मिल बंद पडल्यावर एका गोदामावर वॉचमन झाले. माणूस अबोल. बायको वाचत-विणत बसली की ते आत कुकर लावायचे.

काकूंचा एक रिवाज होता. मूल जन्मायच्या आधी त्या स्वेटर पुरा करत नसत. गळ्याचे शेवटचे टाके तसेच उघडे ठेवायच्या, एका मोठ्या सेफ्टीपिनेत ओवून. बाळ जन्मलं, बारशाचा दिवस आला, की ती पिन आणि सुया घेऊन त्या बाळंतिणीकडे जायच्या आणि तिच्याकडून ते टाके बंद करून घ्यायच्या. आयुष्यात सुई न धरलेल्या पोरी मांडीवर बाळ घेऊन तोंड वेडंवाकडं करत टाके ओढायच्या, आणि काकू मागे उभं राहून सूचना द्यायच्या. "दोन वीण, पहिला दुसऱ्यावरून काढ. ओढू नकोस इतका, गळा आहे तो, फास नाही." स्वतः हात लावायच्या नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "आमच्या गावची पद्धत आहे. आईने बंद केलेलं बाळाला लाभतं." मालवणकडे असेल तसं काही, म्हणून आम्ही सोडून दिलं.

मला विणकाम त्यांनीच शिकवलं. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करायचे, त्यामुळे माझी बोटं चलाख आहेत अशी माझी समजूत होती. ती पहिल्या चार ओळींत उतरली. माझा मफलर मध्येच रुंद व्हायचा, मध्येच अरुंद. चुकलं की मी गुपचूप उसवायचे आणि तीच लोकर पुन्हा सुईवर घ्यायचे, आणि काकू लांबूनच ओळखायच्या. एकदा विणून उसवलेली लोकर सरळ राहत नाही, नूडल्ससारखी कुरळी होते, आणि पुन्हा विणली तरी ती ओळ वेगळी दिसते. "लोकर खोटं बोलत नाही गं," त्या म्हणायच्या, "माणसाने किती लपवू दे." हे ज्ञान मी कशासाठी वापरणार आहे, ते तेव्हा आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं.

मला दिवस गेले तेव्हा काकूंनी पिवळी लोकर आणली. सातव्या महिन्यात एका रविवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले, तर स्वेटर जवळजवळ झालेला होता आणि शेवटचे टाके पिनेत होते. पण पिनेतून लोंबणारा धागा कुरळा दिसला. मी हसले. म्हटलं, "काय हो काकू, बंद करून परत उघडलंत वाटतं?"

त्यांचा चेहरा एकदम उतरला. मग त्यांनी सांगितलं ते असं: वाचनालयातून आणलेल्या कादंबरीची शेवटची आठ-दहा पानं कुणीतरी फाडलेली होती. शेवट आधी वाचायला मिळाला नाही. तशी सवय नसल्याने त्या अधाशासारख्या वाचत सुटल्या आणि हात आपले चालत राहिले. पुस्तक फाटलं होतं तिथपर्यंत पोचल्या, खाली बघितलं, तर गळा बंद.

"आयुष्यात असं झालं नाही गं," त्या म्हणाल्या. "लगेच उसवलं मी. लगेच."

"अहो काकू, लोकरीला काय कळतंय," मी म्हटलं, आणि चहा मागितला. मी लॅबमध्ये काम करणारी बाई, माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. हे मी शपथेवर सांगू शकते.

वीस-बावीस दिवसांनी पोटातली हालचाल थांबली. मुलगा होता. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं, नाळेची गाठ बसली होती, कुणाच्या हातात नव्हतं. तो रिपोर्ट मी स्वतः वाचला. असे रिपोर्ट मी दुसऱ्या बायकांचे टाइप केले होते, त्यामुळे एकेक शब्द मला समजला, आणि त्या समजण्याचा मला काडीचा उपयोग झाला नाही.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी काकू पेज घेऊन आल्या. स्टीलचा डबा, वर वाटीत कुळथाची पिठी. त्या पलंगाच्या कडेला बसल्या आणि माझ्या पायावर हात ठेवला. सासूबाई दारात उभ्या होत्या. मला दूध येत होतं, छाती दुखत होती, आणि कुणावर तरी ओरडल्याशिवाय श्वास घेता येणार नाही असं वाटत होतं. ओरडले मात्र नाही. अगदी हळू आवाजात म्हटलं, "तुम्ही बंद केलंत ना, काकू."

त्यांनी हात काढून घेतला. डबा तिथेच ठेवून गेल्या.

सासूबाईंनी मला विचारलं, मी सांगितलं. सांगायला नको होतं, हे मला सांगता सांगताच कळत होतं. चार दिवसांत ते इमारतभर झालं. बायका किती पटकन शहाण्या होतात. कुणाला आठवलं, की तिच्या पोराला स्वेटर घातला त्या रात्री ताप आला होता. कुणाला आठवलं, परबीणबाई बाळाकडे कशा टक लावून बघतात. दुसऱ्या मजल्यावरच्या सुनेच्या डोहाळजेवणाला सगळा जिना बोलावला, काकूंना सोडून. मी त्या जेवणाला गेले नाही, प्रकृतीचं कारण सांगून. पण काकूंना का बोलावलं नाही, हे विचारायलाही गेले नाही.

त्यानंतर काकूंच्या मांडीवर लोकर दिसली नाही. पुस्तक असायचं, चिमटे असायचे, पण हात नुसते पदरात. त्यांना तसं बसता येत नव्हतं, बोटं आपापसात काहीतरी करत राहायची. मी समोरून जाता-येता बघायचे. वाटायचं, आज जाऊ, बोलू. मग कुकरची शिट्टी व्हायची, फोन यायचा, आणि राहून जायचं. असं दीड वर्ष राहून गेलं.

पुन्हा दिवस गेले तेव्हा मी फार घाबरले होते. आता खरं सांगते, मी काकूंचं तोंड टाळत होते. विश्वास नाही म्हणत होते आणि टाळत होते. जिन्यात त्यांची चाहूल लागली की दार जरा उशिरा उघडायचे. पण एक दिवस माझ्या लक्षात आलं, की टाळण्याची मला गरजच पडत नाहीये. दिवसभर उघडं असणारं त्यांचं दार हल्ली बंद असायचं, आणि मी कामावर निघताना कडी काढली, की समोर आतून कुणीतरी दोन पावलं मागे सरकल्याचा आवाज यायचा. माझी पावलं ओळखून त्या आत जात होत्या. मला वाईट वाटलं. आणि बरंही वाटलं, हे जास्त वाईट.

मुलगी झाली, धडधाकट. सव्वा महिना झाल्यावर मी तिला घेऊन समोरचं दार वाजवलं. काकूंनी दार उघडलं, बघितलं, आणि दोन्ही हात पाठीमागे नेले.

"घ्या ना काकू," मी म्हटलं.

"हात ओले आहेत गं," त्या म्हणाल्या. "छान आहे. नाक तुझं आहे." आणि उंबऱ्याच्या आतूनच वाकून बघत राहिल्या. हात कोरडे होते. पाठीमागे भिंतीवरच्या आरशात मला ते दिसत होते, एकमेकांना घट्ट धरलेले.

दुसऱ्या दिवशी जिन्यात काका भेटले. ते आपण होऊन कधी बोलायचे नाहीत, त्या दिवशी बोलले. गोदामावरचा निळा युनिफॉर्म अंगात, पिशवीत कोथिंबीर.

"आमच्या गावाक असलो काय रिवाज नाय," ते म्हणाले. "तो हिनाच काढल्यान. आमची दोन गेली, पोटातच. मगे माझ्या भावाक झील झालो, तेका हिना पयलो स्वेटर इणल्यान. वैनीन तो तसोच परत धाडल्यान. म्हणाक लागली, जिची कूस भरली नाय तिच्या हातचा पुरा झालेला आमका नको. तेव्हापासून ही काय पुरा करणा नाय. शेवटचे टाके आईच्या हातान. मगे कोण काय बोलाचा नाय."

ते मला बोल लावत नव्हते, माहिती देत होते. कोथिंबिरीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि वर गेले. मी जिन्यातच बसले. पंचवीस वर्षं त्या बाईने एक वाक्य कुणाच्या तोंडी येऊ नये म्हणून एवढी तजवीज केली होती, आणि ते वाक्य मी म्हटलं होतं, त्या माझ्यासाठी पेज घेऊन आल्या असताना.

त्याच संध्याकाळी मी गेले, एकटीच. माफी मागितली, रडले, नाळेचं सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. काकूंनी मला पाणी दिलं.

"तू बोललीस ते बरं केलंस," त्या म्हणाल्या. "बाकीच्या मनात ठेवून होत्या. मला दिसायचं ना. स्वेटर घ्यायच्या आणि पोराला लांब धरायच्या."

"मी खोटं बोलले, काकू. माझा विश्वास नव्हता त्यावर."

"माझा होता ना," त्या म्हणाल्या. "त्याला तू काय करणार?"

मी पुष्कळ केलं. मुलीला घेऊन रोज जायचे. ती रांगायला लागल्यावर त्यांच्या दारात सोडायचे. काकू तिच्याशी गप्पा मारायच्या, तिला गोष्टी वाचून दाखवायच्या, शेवट आधी सांगून. मुलीला त्यात काही गैर वाटायचं नाही. पण ती त्यांच्या अंगावर चढायला आली, की काकू उठून गॅसकडे जायच्या, कधी दूध उतू चाललेलं असायचं, कधी हात ओले. मी लोकर आणून दिली, ती त्यांनी काकांच्या हाती परत पाठवली. इमारतीतल्या बायकांना मी ओरडून सांगितलं, की सगळा दोष माझा. त्या म्हणाल्या, "जाऊ दे गं, तू कशाला मनाला लावून घेतेस." एकदा बोललेला शब्द पसरतो कसा ते मी बघितलं होतं. मागे घेतलेला शब्द जिन्याच्या खालीही उतरत नाही.

गेल्या माघात काकू दुपारी खुर्चीतच गेल्या. काकांना वाटलं, डोळा लागला.

सवाष्ण बाई, नवऱ्याच्या आधी गेलेली. अशा बाईचं मरण भाग्याचं मानतात, तिची ओटी भरतात, तिच्या कपाळीचं कुंकू आपल्या कपाळी लावून घेतात, म्हणजे तसंच भाग्य आपल्याला लाभतं. बघता बघता चारही इमारतींतल्या बायका जमल्या. डोहाळजेवणाला न बोलावणाऱ्या, पोरांना लांब धरणाऱ्या, सगळ्या नारळ आणि खण घेऊन आमच्या तिसऱ्या मजल्यापासून खालच्या मजल्यापर्यंत रांगेत उभ्या होत्या. हिरव्या साडीतल्या काकूंच्या ओटीत एकेक जण तांदूळ घालत होती, त्यांच्या हातांना हात लावून डोळ्यांना लावत होती. दुसऱ्या मजल्यावरच्या सुनेने आपलं धाकटं बाळ खाली वाकवून त्यांच्या हाताला टेकवलं.

सासूबाई मला म्हणाल्या, "पोरीला घेऊन ये, पाया पडव. पुण्यवान बाई."

मी घेऊन गेले. सव्वादोन वर्षांची माझी मुलगी खाली बसली आणि तिने काकूंची बोटं दोन्ही मुठींत धरली. तिच्या जन्मात पहिल्यांदाच. काकूंनी ती सोडवून घेतली नाहीत. मागच्या बाईने मला हळूच पुढे व्हायला सांगितलं, रांग मोठी होती.