सासूचा कांदा

शिगे तेराउचींच्या घरात सून म्हणून आली, तेव्हा एकोणीस वर्षांची होती. मिबू गावच्या काळ्या, भुसभुशीत मातीत तेव्हाही भोपळाच पिकायचा. उन्हाळ्यात तो सोलून लांबच लांब पट्ट्या दांड्यांवर वाळत घालायच्या, त्यावरच घर चालायचं. सासूबाईंचा, तोमींचा, एकच हट्ट होता: भोपळ्याचं रोप लावायचं ते पातीच्या कांद्याच्या मुळांत मुळं गुंतवून. शेकडो रोपं, तेवढेच कांदे आणि त्यांच्यावर दिवसभर वाकलेली शिगे.

"आई, हा कांदा कशाला?" तिने पहिल्याच वर्षी विचारलं.

"माझ्या सासूने सांगितलं म्हणून."

"आणि त्यांना कुणी सांगितलं?"

"ते विचारायची माझी छाती नव्हती. तुझी बरीच दिसते."

शिगेने बावीस वर्षं कांदे लावले. मग एका हिवाळ्यात तोमी गेल्या आणि पुढच्या मे महिन्यात शिगेने कांद्याचं एकही रोप आणलं नाही. दुःख खरं होतं, पण कंबरही खरीच होती.

शेतकरी सोसायटीचे सल्लागार नुमाओ यांना कोण आनंद झाला. जुन्या समजुती सोडणारी गावातली पहिली बाई म्हणून त्यांनी तिचा फोटो सोसायटीच्या मासिकात छापला. मातीत सोडायचं औषधही दिलं. ते सोडून वर प्लास्टिक अंथरलं की जमिनीतला रोग मरतो, असं त्यांचं म्हणणं. दोन वर्षं पीक झकास आलं.

तिसऱ्या वर्षी जुलैत, भोपळे डोक्याएवढे झाले असताना, वेल माना टाकू लागले. शिगेने एक वेल बुडाशी कापून पाहिला. आतून तपकिरी पडला होता. मर रोग.

"औषध कमी पडलं," नुमाओ म्हणाले. "पुढच्या वर्षी दीडपट सोडा."

"वेल मेले ते औषधाने का औषधावाचून, हे कसं कळायचं?"

"बाई, त्याला शास्त्र लागतं."

शेताच्या कोपऱ्यात मात्र सहा वेल हिरवेगार होते. शिगेने नवऱ्याकडे पाहिलं. कात्सुजी चोरासारखा उभा होता.

"टोफूवर चिरून घ्यायला थोडे कांदे हवे होते," तो म्हणाला. "तू रागावशील म्हणून वेलांच्या बुडाशी खोचले."

शिगे घरात गेली, देव्हाऱ्यातल्या सासूच्या फोटोपुढे बसली आणि उदबत्ती लावायचंही विसरून म्हणाली, "घ्या. जिंकलात." मेलेल्या माणसाशी वाद हरण्यासारखी नामुष्की नाही, उलटून बोलायचीही सोय नसते.

पुढच्या वर्षी ती पुन्हा वाकली. दोन-तीन हंगामांत वेल सावरले. नुमाओंनी आदर्श शेतकऱ्यांच्या यादीतून तिचं नाव खोडलं.

मग सहाएक वर्षांनी विद्यापीठातून हिरासे नावाचा तरुण संशोधक आला. त्याने तिच्या कांद्यांची मुळं पिशव्यांत भरून नेली आणि वर्षभराने सांगायला परत आला, की त्या मुळांवर एक जिवाणू राहतो आणि मर रोगाच्या बुरशीला तो वाढूच देत नाही. शिगेने त्याला दोनदा विचारलं, "म्हणजे आमच्या आईंना हे माहीत होतं?" त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, "नसावं."

त्या हिवाळ्यात सोसायटीच्या सभागृहात नुमाओंचं व्याख्यान झालं. विषय, कांद्याचे फायदे. "आपल्या पूर्वजांचं हे ज्ञान एका निष्ठावान सुनेने एकही वर्ष खंड न पडू देता जपलं," असं म्हणून त्यांनी शिगेला उभं केलं.

"खंड पडला होता," शिगे म्हणाली. "तीन वर्षं. कंबर दुखायची म्हणून. तुम्हीच तर फोटो छापला होता, नुमाओसाहेब. आणि शेतात कांदा टिकला तो आमच्या ह्यांच्या जिभेमुळे."

सभागृह खदखदून हसलं. नुमाओही हसले. पुढच्या महिन्याच्या मासिकात तिचा नवा फोटो आला. खाली लिहिलं होतं: विनयशील शिगेबाई, थट्टेतसुद्धा श्रेय पतीला देताना.

मे महिन्यात आजूबाजूच्या गावांतल्या बारा बायका मुळं गुंतवायची रीत शिकायला आल्या. शिगेने त्यांना तिसऱ्या प्रहरापर्यंत वाकवून ठेवलं आणि स्वतः बांधावर बसून चहा प्यायली.