इकडं बघ, मग बोलते

कुंदाताई म्हात्रे पाठमोऱ्या माणसाशी कधीच बोलत नसत. पावण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या लॅबमधला माझा पहिला दिवस. मी हूडमध्ये, म्हणजे धूर ओढून घेणाऱ्या काचेच्या कपाटात, हात घालून फ्लास्कमध्ये थेंब थेंब काहीतरी सोडत होतो. मागून खांद्यावर टकटक झाली. मी न वळताच "हां, बोला" म्हटलं. पुन्हा टकटक. शेवटी तोटी बंद करून वळलो, तर समोर पन्नाशीतल्या, ठेंगण्या, डोळ्यांवर जाड सेफ्टी चष्मा आणि केसांत अबोलीचा गजरा माळलेल्या बाई. "इकडं बघ, मग बोलते," त्या म्हणाल्या आणि पहिलीच्या वर्गाला शिकवावं तसे ओठ पुरते उघडून एकेक शब्द उच्चारू लागल्या. सांगायचं एवढंच होतं, की जेवायची सुट्टी झाली. मी सांगलीकडचा. मनात म्हटलं, बाईंना भलताच ताठा दिसतोय.

ती लॅब म्हणजे कोंडवाडाच. एका बाजूला रबराचा कारखाना, दुसऱ्या बाजूला रंगाचा, मागे नाला. तिन्हीकडून वास येई म्हणून खिडक्या कायमच्या बंद करून टाकलेल्या. सकाळी आत शिरलं की बाहेर ऊन आहे की ढग, हे कळायला चहाच्या टपरीवर जावं लागे. आमची कंपनी दुसऱ्यांसाठी नवी रसायनं बनवून द्यायची. परदेशातल्या एका संस्थेचं टीबीवरच्या नव्या औषधाचं काम आमच्याकडे होतं, आणि त्या गटाच्या प्रमुख कुंदाताई. जंतू मात्र आम्ही कधी पाहिला नाही. तो दुसऱ्या शहरातल्या सीलबंद लॅबमध्ये. आम्ही चिमूटभर पावडर बाटलीत भरून पाठवायची आणि तो मेला की नाही याच्या उत्तराची आठवडेच्या आठवडे वाट बघायची, कारण हा जंतू वाढतोच मुळी गोगलगाईसारखा. मी चुळबुळ करू लागलो की ताई म्हणत, "घाई आपल्याला हाय, त्याला नाय. तो मानसाच्या फुफ्फुसात गाठ बांधून वर्षानुवर्षं बसतो. आपन पन बसायचं."

कंपनी प्रत्येक रसायनाला आकडा देई. ताई मात्र खाडीतल्या माशाचं नाव देत. खाडीकाठच्या बोनकोडे गावच्या त्या. त्यांचे वडील खाडीत जाळं टाकायचे. पहिलं रसायन निवटी, मग खरबी, बोईट, चिवणी. कामाचं नसेल त्याला "चिखल आला" म्हणायचं. जिताडा हे नाव मात्र राखून ठेवलेलं. जिताडा म्हणजे तिकडच्या माशांचा राजा, जावयाला वाढायचा मासा. "ज्याच्यानं जंतू मरेल आन मानसाला काय होनार नाय, तो जिताडा," त्या बजावत. "उगाच कुनाला ते नाव द्यायचं नाय."

आणि तो काही येत नव्हता. आमच्या रेणूला एक लांब, तेलकट शेपूट होतं. या जंतूच्या अंगावर मेणाचं जाड कवच असतं, त्यातून आत घुसायला ते शेपूट लागायचं. पण तेच शेपूट हृदयाच्या ठोक्यांत गडबड करी. शेपूट छाटलं की हृदय सुरक्षित, पण जंतूही मजेत. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. वर्षं गेली. बरोबरीची माणसं कंटाळून कॅन्सरच्या कामाकडे वळली. ताईंना हैदराबादहून मोठ्या जागेचं बोलावणं आलं होतं, तेही त्यांनी नाकारलं. मी कारण विचारलं. मला समोर उभं करून त्या म्हणाल्या, "अडकलेय रे मोहिते. इथंही आन घरीही."

घरी म्हणजे काय, ते त्यांनी जेवायला बोलावलं तेव्हा कळलं. बोनकोड्यात गावठाणातल्या इमारती इतक्या चिकटून उभ्या, की एका गॅलरीतून दुसरीत मीठ मागावं. दार रमाकांतने उघडलं, त्यांच्या धाकट्या भावाने. मी "नमस्कार" म्हटलं, तेव्हा तो माझ्या डोळ्यांकडे नाही, ओठांकडे बघत होता. मला एकदम उमगलं आणि पहिल्या दिवशी ताईंना ताठेबाज समजल्याची मला शरम वाटली.

रमाकांत हळदीच्या रात्री गाजवणाऱ्या बेंजो पार्टीत बेंजो वाजवायचा. मग त्याला टीबी झाला, साध्या गोळ्यांना दाद न देणारा. तेव्हा त्यावर इंजेक्शनं देत असत, आता ती मागे पडलीत. महिनोन् महिने टोचून घेतल्यावर टीबी गेला आणि त्याच्याबरोबर दोन्ही कानही गेले. बेंजो कपाटावर उशीच्या अभ्र्यात पडून होता. "जीव दिला, कान घेतलं," रमाकांत हसून म्हणाला. "औषधाचा पन भाव असतो." ताई हसल्या नाहीत. जेवताना त्याने बहिणीला विचारलं, "शेपटीचं काय झालं गो?" आमच्या रेणूची सगळी कुंडली त्याला पाठ होती.

शेवटी जिताडा आला. आम्ही शेपटाच्या मधोमध एक कडं घालून ते वाकवलं. जंतू मेले, हृदयाची चाचणी सुखरूप पार पडली. ताईंनी सगळ्यांसमोर ते नाव उच्चारलं. मी तर लॅबमध्ये नाचलोच. संस्था पुढच्या टप्प्याची तयारी करू लागली. आणि ताईंनी एक जास्तीची चाचणी मागितली. इवल्याशा माशांच्या पिल्लांच्या अंगावर बारीक केसांच्या पेशी असतात, थेट आपल्या कानाच्या आत असतात तशा. औषधाने त्या मरतात का, ते बघायचं. लॅबचे मुख्य असलेले आमचे सर म्हणाले, "मॅडम, ही टेस्ट कुणी मागितलेली नाही. कशाला टेन्शन विकत घेता?"

"मी मागतेय," ताई म्हणाल्या.

पेशी मेल्या. एकदा नव्हे, पुन्हा करून पाहिलं तरी मेल्या. सरांचंही सगळं चुकीचं नव्हतं. मासा म्हणजे माणूस नव्हे, थोडं थांबू, मग कळवू, असं ते म्हणत होते. त्या संध्याकाळी मी ताईंच्या घरीच होतो. रमाकांत बहिणीवर भडकला होता. "पाठव म्हनतो मी! मरनाऱ्या मानसाला कान कशाला? मला इचार ना, मी जीवच मागंन!"

ताई त्याच्यासमोर बसल्या, त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "तुला तेव्हा कोनी इचारलं होतं काय? नाय ना? मग लोकांना ठाऊक तरी असू दे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी संस्थेबरोबरच्या मीटिंगमध्ये निकाल सांगून टाकला. संस्थेने त्यांचे आभार मानले आणि महिन्याभरात काम बंद केलं. गट पांगला. ताईंना त्याच हूडपाशी चेहरा उजळवणाऱ्या क्रीमच्या कामाला बसवलं. चिमूटभर जिताडा फ्रीजरमध्ये तसाच होता. त्यांना बाहेर पडायचं होतं, पण रमाकांतला सोडून कुठे जाणार? आणि दुसरीकडेही टीबीचं काम नसेल, तर कशासाठी जाणार? मला हैदराबादला नोकरी मिळाली तेव्हा त्यांच्यासमोर आनंद दाखवायचीही मला चोरी झाली.

निघण्यापूर्वी मी बोनकोड्याला गेलो. रमाकांतने मला खुर्चीत बसवलं आणि स्वतः समोर बसला. ताई त्याच्या मागे, स्वयंपाकघराच्या दारात, पदराला हात पुसत उभ्या होत्या.

"तुमी चाललात," तो म्हणाला. "जाऊ दे. पन खरं सांगा, आता हिच्या जाळ्यात कंचा मासा हाय? ही नीट सांगतच नाय. लोकं मरतात तिकडं, लवकर करा म्हनावं."

मी ताईंकडे पाहिलं. त्या त्याच्या पाठीमागून बोलल्या, अगदी हलक्या आवाजात, ओठ जेमतेम हलवून. "काम बंद झालंय हे त्याला ठाऊक नाय. मी रोज त्याच कामाला जाते असं त्याला वाटतं. कायतरी सांग."

पाठमोऱ्या माणसाच्या मागून बोलणाऱ्या कुंदाताई मी तेवढ्या एकदाच पाहिल्या.

मी खुर्ची पुढे ओढली, रमाकांतकडे नीट तोंड केलं आणि त्याला प्रत्येक अक्षर दिसेल असे ओठ उघडून म्हणालो, "निवटी. पुन्हा निवटीपासून."

त्याने समाधानाने मान डोलावली आणि मागे वळून बहिणीला म्हणाला, "बघ, यानं कसं सांगितलं!"