ताप न आलेले आठ दिवस

निदान आईच्या सुजलेल्या बोटांवरूनच झाले. रक्ताच्या तपासणीने ते पक्के केले. रूमेटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते तो संधिवात. आई तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची होती. परंदवडीच्या घरात तिला भाकरी थापता येत नव्हती.

गोळ्यांनी पुरेसा फरक पडला नाही. मग टीबीची तपासणी करून तळेगावच्या रुग्णालयात टॉसिलिझुमॅब हे औषध सुरू झाले. दर चार आठवड्यांनी, सलाइनमधून.

डॉक्टरांनी कागदावर पेशीचे चित्र काढले. इंटरल्यूकिन-६ हा पेशींनी धाडलेला निरोप. पेशीच्या पृष्ठभागावरचे एक प्रथिन, म्हणजे त्याचा रिसेप्टर, तो निरोप घेते. मग सांधे सुजतात, ताप चढतो, यकृत सीआरपी बनवते. रक्तातल्या सीआरपीवरून शरीरातली सूज कळते. हे औषध रिसेप्टरवरच जाऊन बसते आणि निरोप पोचत नाही.

"म्हणून जंतुसंसर्ग झाला तरी ताप येईलच असे नाही," डॉक्टर म्हणाले. मी ते वहीत लिहून घेतले.

चौथ्या सलाइननंतर आईने भाकरी थापली. जुलैत भातलावणी आली. आमच्याकडे ती इर्जिकीने होते. सगळे मिळून आज एकाच्या खाचरात, उद्या दुसऱ्याच्या. दोन वर्षे आईच्या वाटचे काम इतरांनी ओढले होते.

"बांधावर बसून लय हुकूम सोडलं वहिनी, आता उतरा चिखलात," शेजारच्या सखूमावशी म्हणाल्या.

आई अनवाणी उतरली. टाचेत काटा मोडला.

टाच सुजली. मी रोज थर्मामीटर लावत होतो. अठ्ठ्याण्णवच्या वर पारा गेला नाही. ताप असेल तरच दवाखाना, ही आमच्या घरची रीत.

"ताप न्हाई, काय न्हाई. खाडा कशाला करतोस? जा कामाला," आई म्हणायची. मी जात राहिलो. वही कपाटात होती.

आठव्या दिवशी लाली घोट्याच्या वर चढली. रुग्णालयात डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला. "ताप नाही, सीआरपी नॉर्मल. याचीच मला भीती वाटते."

सोनोग्राफीत खोलवर पू दिसला. तो हाडात शिरला असेल तर टाच वाचवणे अवघड, असे सर्जननी सांगितले. एमआरआयच्या दाराबाहेर मी दोन तास बसलो. हाड स्वच्छ होते.

पू काढला. नऊ दिवस अँटिबायोटिक. संधिवाताचे सलाइन थांबवले, तशी बोटे पुन्हा सुजू लागली. जखम सुकल्यावरच डॉक्टरांनी ते पुन्हा सुरू केले.

हे औषध ज्यांच्या घरी सुरू आहे, त्यांनी तापाची वाट पाहू नये. जखम, लाली, खोकला, काहीही दिसले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

यंदाच्या लावणीला आई गमबूट घालून गेली. "पोलीस भरतीला निघाल्या व्हय?" सखूमावशींनी विचारलेच.

संध्याकाळी आई पाय धुऊन पायरीवर बसते. मी विचारायच्या आधीच दोन्ही तळवे माझ्यापुढे करते.