सुटलेला हात

तिला सगळे चौकोनबाई म्हणायचे, आणि तेही तोंडावर. कारण तिच्या काखेत कायम एक लांबलचक कागदाची गुंडाळी. त्यावर पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल. नवरा-बायकोच्या मध्ये आडवी रेघ, त्या रेघेतून खाली पोरंबाळं. घराण्यातला रोग ज्याला लागला त्याची खूण काळ्या शाईनं भरायची, निरोगी असेल त्याची पांढरी सोडायची. वरवर बघितलं तर पोरखेळ. पण एवढ्याशा कामात माणूस कसा तोंडावर आपटतो ते सांगते.

त्याआधी एकोणीस वर्षं ती इस्पितळात नर्स होती. डावा कान बंद होता तिचा. जन्माचा नव्हे, लग्नाचा. नवऱ्यानं एकदा अशी सणसणीत ठेवून दिली की कानातून रक्त आलं आणि ऐकू येणं कायमचं गेलं. दर वेळी त्याचं एकच पालुपद असायचं: "चुकून हात सुटला गं." चौथ्या वर्षी ती नेसत्या कपड्यांनिशी निघाली आणि परत म्हणून गेली नाही. म्हणजे बघा, हात कसा सुटतो हे तिला दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नव्हती. आणि तरी ती चुकलीच.

ते घर खाटकांचं. पुढे दुकान, मागे राहायची जागा. या घराण्यात एक भयंकर रोग होता. चाळिशीच्या आसपास माणसाचे हात आपोआप उडायला लागायचे. मग पाय वेडेवाकडे पडायचे, जीभ तोंडात ठरायची नाही, आणि शेवटी डोकंही जायचं. डॉक्टर त्याला काहीही म्हणोत, घरात त्याला एकच शब्द होता: हात सुटणे. "आजोबांचा पस्तिशीत सुटला." "आत्याचा चाळिशीत सुटला." सर्दी झाल्यासारखं सांगायचे.

चौकोनबाई पहिल्यांदा गेली तेव्हा घरातला म्हातारा, दोघा मुलांचा बाप, खुर्चीला चादरीनं बांधलेला होता. डाव्या हाताची दोन बोटं नव्हती. ओंडक्यावर हाड तोडताना सुरा धरलेला उजवा हात सुटला, हाड धरलेल्या डाव्या हातावर आदळला, आणि बोटं ग्राहकाच्या पायाशी जाऊन पडली. समोरचे दातही नव्हते, ते त्याच्याच मुठीनं पाडलेले. चौकोनबाई खाली वाकली तसा त्याचा हात चादरीतून निसटला आणि तिच्या खांद्यावर असा बसला की ती भिंतीवर आदळली. म्हातारा ढसाढसा रडायला लागला. "पोरी, मी नाही गं मारलं. देवाशप्पथ, मी नाही." एवढं बोलायला त्याला पाच मिनिटं लागली.

मग एकेकाची नावनिशी झाली. धाकट्या मुलाचा हात नुकताच सुटला होता, हातातलं काहीही पडायचं. थोरला पन्नास ओलांडलेला, दुकान तोच चालवायचा, तेव्हा समोर नव्हता. त्याची बायको दारात उभी होती. एक डोळा सुजून बंद, ओठ फाटलेला.

"थोरल्यांचा हात सुटतो का?" चौकोनबाईनं विचारलं.

"सुटतो की," थोरली सून म्हणाली. "रोज सुटतो."

चौकोनबाईनं त्या डोळ्याकडे पाहिलं आणि चौकोन काळा केला. पुढचा प्रश्न विचारला नाही. अहो, ज्या बाईचा कान त्याच शब्दानं गेला, तिनं तरी विचारायला नको होतं का? पण रोगाच्या घरात रोगच दिसतो माणसाला.

आता हे सगळं कशासाठी, तर रोग शरीरात नेमका कुठे बसलाय ते शोधायला. आईबापाकडून आपल्याला गुणसूत्रं मिळतात, समजा मण्यांचे दोरे. पोराकडे जाताना दोरा मध्येच तुटतो आणि जोडीच्या दोऱ्याला जोडला जातो. दूरदूरचे मणी असले तर त्यांची ताटातूट होते, पण शेजारशेजारचे मणी बहुतेक वेळा बरोबरच जातात. रोगाचा मणी कुणी पाहिलेला नव्हता, पण दोऱ्यावरच्या दुसऱ्या काही खुणा रक्तात दिसायच्या. एखादी खूण रोग्यांकडे दर वेळी आली आणि निरोग्यांकडे एकदाही नाही, तर रोग तिच्या शेजारीच राहतो म्हणायचं. पण योगायोगानंही असं होऊ शकतं ना? म्हणून गणित. योगायोगाच्या विरोधात हजारास एक पैज लागली की तीन गुण. तीनच्या वर गेलं तर जग ऐकतं, खाली राहिलं तर घरी बसा.

या घरातल्या अकरा जणांचं रक्त घेतलं होतं, त्यांचा हिशेब लागत होता. गणितवाला म्हणून एक किडकिडीत, तिरसट माणूस होता, पेन्सिली चावणारा. त्यानं आकडा काढला आणि कागद तिच्यापुढे आपटला.

"एक पूर्णांक आठ. दहा जण एका रांगेत, अकरावा वाकडा. हा थोरला. काळा चौकोन, पण रक्तात खूण नाही."

"मग?"

"मग एक तर आपली जागा चुकली आणि दोन वर्षं पाण्यात गेली. नाहीतर हा माणूस आजारीच नाही."

"आजारी नाही कसा? मी स्वतः जखमा पाहिल्यात."

"जखमा?" गणितवाल्यानं पेन्सिल तोंडातून काढली. "कुणाच्या?"

चौकोनबाईनं गुंडाळीवरचा तो काळा चौकोन शोधला. कुणाच्या? म्हाताऱ्याच्या जखमा म्हाताऱ्याच्या अंगावर होत्या. बोटं त्याची, दात त्याचे. थोरल्याच्या जखमा मात्र सगळ्या त्याच्या बायकोच्या अंगावर होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दुकानात जाऊन उभी राहिली. थोरला बरगड्या तोडत होता. सुरा जिथे पडायला हवा तिथेच पडत होता, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. तेवढ्यात सुनेनं एका ग्राहकाला चुकीचा तुकडा बांधून दिला. थोरल्यानं काही न बोलता ताजव्यातलं दोन किलोचं वजन उचललं आणि फेकलं. ते तिच्या गळ्याजवळच्या हाडावर बसलं. काडकन आवाज आला, तो चौकोनबाईला एका कानानंही ऐकू आला. सून भिंतीला टेकली. मागोमाग सुरा आला आणि तिच्या कानाजवळ, दोन बोटांवर, भिंतीवरच्या फळीत रुतला.

"पुढचा तोंडात बसेल," थोरला म्हणाला.

ग्राहकानं मान खाली घातली. "रोग आहे हो बिचाऱ्याला," तो पुटपुटला. "घराण्यातलाच आहे."

"कसला डोंबलाचा रोग!" चौकोनबाई ओरडली. "नेम बघा त्याचा!"

तिनं सुनेला धरलं आणि तडक इस्पितळात नेलं. हाड मोडलंच होतं. हात गळ्यात बांधला. वाटेत सून एवढंच म्हणाली, "बाई, त्यांच्यावर रागावू नका. लग्न झालं त्या दिवशीच सासूबाईंनी सांगितलं होतं. या घरात हात सुटतो, सोसायचं. आजारी माणसाला टाकून कुठे जायचं?"

संध्याकाळच्या आत थोरला बायकोला न्यायला आला. इस्पितळातली या रोगाची डॉक्टरीण शांत बाई होती, तिनं त्याला खुर्ची दिली. "आलाच आहात तर तपासते." तोही खुशीत बसला, कारण रोगी म्हणून त्याला सगळीकडे मान होता. जीभ बाहेर काढा, तीसपर्यंत मोजेस्तोवर ठेवा. ठेवली. म्हाताऱ्याची जीभ तिथे तीन मोजेपर्यंतही बाहेर टिकत नसे. माझी बोटं आवळून धरा. धरली, एकसारखी. रेघेवर चाला. सैनिकासारखा चालला. डॉक्टरिणीनं दोनदा तपासलं, डोळ्यांत उजेड टाकून पाहिला आणि पेन ठेवलं.

"तुम्हाला हा रोग नाही. या वयात लागण्याची शक्यताही जवळपास संपली. रक्ताचा हिशेबही तेच म्हणतो."

त्या खोलीत हे वाक्य ऐकून माणसं डॉक्टरिणीचे पाय धरत. थोरल्याचा चेहरा मात्र काळाठिक्कर पडला. "नाही कसा? माझ्या बापाला आहे, भावाला आहे!" त्यानं स्टूल उचलून औषधांच्या कपाटावर घातलं. काचा चहूकडे उडाल्या. "ही बया शिकवते तुम्हाला!" म्हणत त्यानं चौकोनबाईच्या तोंडावर ठोसा मारला. तिचा दात हलला, ओठातून रक्ताची धार लागली. मग तो बायकोकडे वळला आणि हात उगारला.

सून खाटेवरून उतरली. दर वेळी ती तोंड झाकायची, या वेळी झाकलं नाही. एक हात बांधलेला, दुसरा मोकळा, तोही खालीच.

"धर," ती म्हणाली. "धर तो हात तसाच."

सव्वीस वर्षांत तिनं त्याला "अहो" सोडून हाक मारली नव्हती. "धर"वर तो इतका चमकला की हात खरोखरच तसा राहिला, तिच्या गालापासून वीतभर. सगळे बघत होते. तो हात काडीभरही हलत नव्हता.

"एक," सून मोजायला लागली. "दोन. तीन. चार." दहापर्यंत शांतपणे मोजलं. मग चौकोनबाईकडे वळली. "बाई, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. खोडा ते. याचा हात सुटत नाही. हा सोडतो."

तेवढ्यात वॉर्डातले दोघे धावत आले आणि त्यांनी त्याला खाली पाडलं. तो पालथा पडून शिव्या घालत होता. सून त्याच्या डोक्याशी उभी राहिली.

"दोनदा दिवस गेले होते मला," ती म्हणाली. तिचा आवाज आता फाटला होता. "दोन्ही वेळा मी जाऊन पाडून आले. तुझा रोग पोराला नको म्हणून. मेल्या, तुला रोगच नव्हता!"

आणि तिनं त्याच्या बरगडीत लाथ घातली. एकच. वॉर्डवाल्यांनी दुसरीकडे बघितलं. त्या दिवसापासून ती त्या घरी गेली नाही. चौकोनबाईच्या दोन खोल्यांतली एक तिची झाली.

दुसऱ्या दिवशी चौकोनबाईनं सुजलेल्या तोंडानं नवा कागद पसरला. शाई खोडता येत नाही, सगळं पहिल्यापासून काढावं लागलं. आजोबा काळे. म्हातारा काळा. आत्या काळी. धाकटा काळा. यांच्यातल्या कुणी जाणूनबुजून माणसावर हात उगारला नव्हता. मग थोरल्याचा चौकोन. तो तिनं नुसत्या रेघांनी काढला आणि पांढरा सोडला. गणितवाल्यानं आकडा काढला आणि टुणकन उडाला.

"तीन पूर्णांक तीन! बाई, सापडली जागा! पेढे मागवा!"

चौकोनबाई त्या पांढऱ्या चौकोनाकडेच बघत होती.

"याला काही तरी खूण करता येईल का हो?" तिनं विचारलं.

"कसली खूण? निरोगी आहे तो."

"तेच तर," ती म्हणाली, आणि पेनाचं टोपण लावलं.